फायबरमधले मोड डोळ्यांनी कसे पाहायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूच्या, टोकातून भिंतीवर पडणारा लाल उजेड नीट पाहिला तर तो नेहमीच गोल ठिपका नसतो. कधी त्याच्या दोन पाकळ्या होतात, कधी चार, कधी मधोमध ठिपका आणि भोवती कडं. प्रयोगशाळेत मुलांना हे दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, हे लेन्समुळे होतंय का?" वाटेत लेन्स कुठेच नसते. त्या पाकळ्या म्हणजे मॅक्सवेलच्या समीकरणांची उत्तरं असतात. इतक्या वर्षांत या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत.

मोड म्हणजे नेमकं काय?

फायबरमधून पुढे जाताना विद्युतचुंबकीय क्षेत्राचा जो आडवा आकार अजिबात बदलत नाही, तो मोड. फायबर कुठेही कापा, त्या मोडची नक्षी तीच दिसेल. अंतराबरोबर पुढे सरकते ती फक्त त्याची कला, म्हणजे तरंगाच्या चढउतारातला टप्पा.

शाळेत आपण शिकतो की प्रकाश फायबरच्या मधल्या भागात, म्हणजे गाभ्यात, शिरतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तन होत होत नागमोडी पुढे जातो. जाड फायबरसाठी हे चित्र चालतं. पण दूरसंचाराच्या नेहमीच्या फायबरचा गाभा साधारण ८.२ मायक्रोमीटर रुंद असतो आणि त्यातल्या प्रकाशाची तरंगलांबी १.५५ मायक्रोमीटर. म्हणजे गाभा तरंगलांबीच्या जेमतेम पाच-सहापट. एवढ्या चिंचोळ्या जागेत 'किरण' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. तिथे तरंगाचाच विचार करावा लागतो, आणि बंदिस्त जागेतल्या तरंगाला मोजकेच आकार घेता येतात.

हे आकार समजायला काही ओळखीचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते नुसती उपमा म्हणून देत नाही, कारण दोन्हीकडचं गणित बरंचसं एकच आहे. तबला.

तबल्याच्या पुडीवर बारीक वाळू भुरभुरली आणि ती एका ठरावीक स्वरात कंप पावू लागली, की वाळू कंप नसलेल्या रेषांवर गोळा होते. कधी एक व्यास दिसतो, कधी एकमेकांना छेदणारे दोन व्यास, कधी एक वर्तुळ. गोल पडद्याचे कंप मांडायला बेसल फलनं, म्हणजे गोल आकारातल्या तरंगांसाठीची ठरावीक गणिती फलनं, लागतात. फायबरच्या गाभ्यातलं क्षेत्र मांडायलाही तीच लागतात. वाळू जिथे जमते तिथे पडदा स्थिर असतो, आणि फायबरच्या नक्षीत त्याच जागी काळोखी रेषा असते.

फरक दोन. तबल्याची पुडी कडेला घट्ट आवळलेली असते, त्यामुळे तिथे कंप शून्य असतो. फायबरमध्ये क्षेत्र गाभ्याच्या सीमेवर संपत नाही, ते गाभ्याभोवतीच्या काचेच्या थरात, म्हणजे क्लॅडिंगमध्ये, थोडं झिरपतं आणि तिथे झपाट्याने विरत जातं. दुसरा फरक असा की पुडीचा प्रत्येक मोड वेगळ्या वारंवारतेने कंप पावतो. फायबरमध्ये वारंवारता एकच असते, मोडागणिक बदलतो तो पुढे जाण्याचा वेग.

यातला सर्वांत सुंदर भाग शाईचा. सी. व्ही. रामन यांनी १९२० पासून तबला आणि मृदंग यांच्या स्वरांचा अभ्यास केला. साध्या पडद्याचे स्वर एकमेकांशी बेसूर असतात, पण मधल्या शाईच्या वजनामुळे ते सुरेल पटींत येतात. रामन यांनी दाखवलं की नऊ मोड मिळून पाच स्वर तयार होतात. व्यास आणि वर्तुळं यांच्या हिशेबात सांगायचं, तर दोन व्यासांचा मोड आणि मधल्या एका वर्तुळाचा मोड एकाच स्वरात येतात, तीन व्यासांचा मोड हा 'एक व्यास, एक वर्तुळ' या मोडच्या स्वरात येतो, आणि पुढेही तसंच. आता ग्रेडेड इंडेक्स फायबर घ्या. त्यात अपवर्तनांक मधोमध सर्वांत जास्त असतो आणि कडेकडे हळूहळू कमी होतो. शाईने जड झालेल्या मध्यभागी तरंग जसा मंदावतो, तसाच जास्त अपवर्तनांकाच्या मध्यभागी प्रकाश मंदावतो. आणि या फायबरमधले मोडही त्याच गटांत, त्याच जोड्यांनी, जवळपास समान वेगाने जातात. पहिल्या पाच गटांतले मोड मोजले तर इथेही नऊच भरतात. हे दोन तक्ते शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला जो आनंद झाला, तो प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावा असं मनापासून वाटतं.

एलपी०१, एलपी११, एलपी२१ ही नावं कशी वाचायची?

पहिला आकडा म्हणजे मध्यातून जाणाऱ्या काळोख्या रेषा किती. दुसरा म्हणजे मध्यापासून बाहेर जाताना उजेडाचे टप्पे किती. एलपी०१ मध्ये काळोखी रेषा नाही, उजेडाचा एकच गोल. एलपी११ मध्ये एक काळोखी रेषा आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या. एलपी२१ मध्ये चार पाकळ्या, एलपी३१ मध्ये सहा. एलपी०२ मध्ये मधे ठिपका आणि भोवती एक कडं.

'एलपी' म्हणजे रेषीय ध्रुवण. गाभा आणि क्लॅडिंग यांच्या अपवर्तनांकांत अगदी थोडा फरक असेल, तर खऱ्या गुंतागुंतीच्या मोडऐवजी ही सोपी रूपं वापरता येतात, हे डी. ग्लोगे यांनी १९७१ मध्ये मांडलं. दूरसंचाराच्या फायबरमध्ये हा फरक साधारण ०.३६ टक्के असतो, त्यामुळे तिथे ही रूपं उत्तम चालतात.

फायबरमध्ये किती मोड बसतील हे कसं ठरतं?

एका आकड्यावरून. त्याला व्ही-संख्या म्हणतात: २ × पाय × गाभ्याची त्रिज्या × न्यूमेरिकल अपर्चर, भागिले तरंगलांबी. न्यूमेरिकल अपर्चर म्हणजे फायबर किती रुंद कोनातला प्रकाश पकडू शकतं त्याचं माप.

व्ही २.४०५ पेक्षा कमी असेल तर फक्त एलपी०१. तिथून पुढे एलपी११ ची भर पडते. ३.८३२ ओलांडल्यावर एलपी२१ आणि एलपी०२ हे दोन्ही एकदम येतात. ५.१३६ ला एलपी३१, ५.५२० ला एलपी१२. हे सगळे आकडे बेसल फलनांच्या शून्यांवरून येतात. पुडीचा आणि फायबरचा संबंध इथेही डोकावतो.

सिंगल-मोड फायबरमध्ये एकच मोड असतो ना? मग लाल प्रकाशात चार पाकळ्या का दिसतात?

कारण 'सिंगल-मोड' ही एखाद्या फायबरची कायमची जात नाही. ते फायबर आणि तरंगलांबी या जोडीचं वर्णन आहे.

आकडे घालून पाहू. त्रिज्या ४.१ मायक्रोमीटर, न्यूमेरिकल अपर्चर ०.१२. तरंगलांबी १५५० नॅनोमीटर असेल तर व्ही साधारण २.०, म्हणजे एकच मोड. १३१० ला २.३६, अजूनही एकच. पण ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडला की व्ही ४.७६ होतो, आणि एलपी०१, एलपी११, एलपी२१, एलपी०२ असे चार मोड बसतात. दिशा आणि ध्रुवणाचे वेगवेगळे पर्याय मोजले तर एकूण बारा. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर घेतला तर व्ही ५.८ च्या आसपास जातो आणि एलपी३१, एलपी१२ ही आणखी दोन कुटुंबं दाखल होतात.

म्हणूनच मानकांमध्ये केबलची कटऑफ तरंगलांबी १२६० नॅनोमीटरपेक्षा जास्त नसावी अशी अट असते. त्याच्या वर सिंगल-मोड, त्याच्या खाली नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे कमी खर्चात कसं दाखवता येईल?

मोड दिसायला महागडी यंत्रं लागतात हा समज मला फार खटकतो. केबल जोडणाऱ्या तंत्रज्ञाच्या पिशवीत जे असतं, तेवढ्यात हे होतं.

एक लाल लाइट पेन घ्या. फायबर कुठे तुटलंय हे शोधायला तंत्रज्ञ जो ६५० नॅनोमीटरचा पेनासारखा लेसर वापरतात, तोच. त्यातला लुकलुकण्याचा पर्याय बंद करून प्रकाश सलग ठेवा. एक-दोन मीटरची पिवळ्या आवरणाची सिंगल-मोड पॅचकॉर्ड, म्हणजे टोकांना कनेक्टर असलेली तयार केबल, घ्या. आकाशी किंवा नारिंगी आवरणाची बहुतेक वेळा मल्टिमोड, म्हणजे शेकडो मोड वाहणारी, असते, ती इथे चालणार नाही. कनेक्टरची टोकं आधी पुसा. धुळीचा एक कण सगळी नक्षी बिघडवतो, कारण तो कण गाभ्याहून मोठा असू शकतो. शक्यतो निळा कनेक्टर निवडा. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे उजेड थोडा एका बाजूला झुकून पडतो.

दुसरं टोक एका स्टँडवर घट्ट बसवा आणि खोलीत अंधार करून पंधरा-वीस सेंटिमीटरवर पांढरा कागद धरा. काही सेंटिमीटर रुंदीचा उजेड पडेल. आता पॅचकॉर्ड मधेच हलक्या हाताने वाकवा, पिळा, बोटांत दाबा. कागदावरच्या पाकळ्या फिरतात, एकमेकींत मिसळतात, वेगळ्या होतात. बोटाने दाबल्यावर नक्षी फिरते हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तेच करत बसलो होतो.

स्वच्छ एलपी११ हवा असेल तर प्रकाश गाभ्यात थोडा बाजूने सोडावा लागतो. पेन आणि कनेक्टर यांच्यातला जोड किंचित सैल करून, फिरवून पाहा. अचूकपणे करायचं असेल तर हीलियम-निऑन लेसर, सूक्ष्मदर्शीचं दहापट ऑब्जेक्टिव्ह आणि तीन दिशांना सरकणारं स्टेज लागतं. प्रकाशाचा ठिपका गाभ्याच्या मध्यापासून एक-दोन मायक्रोमीटर सरकवला की मधला गोल फुटून दोन पाकळ्या होतात. स्टेजचा स्क्रू फिरवताना हे घडताना दिसतं.

नको असलेले मोड काढायचे असतील तर फायबरची लहान वेटोळी करा. जो मोड कटऑफच्या, म्हणजे फायबरमध्ये बसण्याच्या हद्दीच्या, जवळ असतो त्याची पकड सैल असते, म्हणून तो आधी गळतो. आपल्या लाल प्रकाशाच्या उदाहरणात एलपी२१ आणि एलपी०२ आधी जातील, एलपी११ जास्त तग धरेल. मात्र हल्लीच्या अनेक पॅचकॉर्ड वाकवल्या तरी प्रकाश न गळू देणाऱ्या प्रकारच्या असतात, त्यांच्यावर वेटोळ्यांचा परिणाम कमी दिसेल. जुनी कॉर्ड हाती असेल तर ती जपून ठेवा.

डोळ्यांना धोका आहे का?

आहे. लाल लाइट पेन एक मिलिवॉटपासून तीस मिलिवॉटपर्यंत मिळतात. प्रयोगाला सर्वांत कमी शक्तीचा घ्या आणि फायबरच्या टोकात थेट डोकावू नका, नक्षी कागदावरच पाहा. चालू लाइनच्या फायबरमध्ये तर कधीच पाहू नका. तो प्रकाश दिसतच नाही, म्हणून पापणीही मिटत नाही.

कागदावर जे दिसतं तेच फायबरच्या टोकावर असतं का?

अगदी तेच नसतं. टोकावरचं चित्र म्हणजे निकटक्षेत्र. दूर कागदावर पडतं ते दूरक्षेत्र, म्हणजे विवर्तनाने पसरल्यावर त्याच क्षेत्राचं फूरिए रूपांतर. पाकळ्यांची संख्या आणि मांडणी दोन्हीकडे सारखी राहते, म्हणून मोड ओळखायला कागद पुरतो. आकार मोजायचा असेल तर सूक्ष्मदर्शीच्या ऑब्जेक्टिव्हमधून टोकाची प्रतिमा कॅमेऱ्यावर घ्यावी लागते.

संगणकावर मोडची चित्रं काढायची असतील तर सुरुवात कुठून करू?

पायथॉन, नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब एवढं पुरतं. विकतचं सॉफ्टवेअर आधी उघडू नका. पहिलं चित्र स्वतःच्या हाताने काढलं की पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने दिलेलं चुकीचं उत्तर ओळखता येतं.

गाभ्याच्या आत क्षेत्र बेसल जे फलनाने जातं, बाहेर बेसल के फलनाने. आतल्या बदलाचा वेग यू या संख्येने मोजायचा, बाहेर विरण्याचा डब्ल्यूने. दोघांच्या वर्गांची बेरीज व्हीच्या वर्गाएवढी. सीमेवर दोन्ही फलनं आणि त्यांचे उतार जुळले पाहिजेत या अटीतून एक समीकरण मिळतं, आणि त्याचं प्रत्येक मूळ म्हणजे एक मोड.

इथे बहुतेक जण एकाच जागी अडखळतात. ते समीकरण पुस्तकात भागाकाराच्या रूपात असतं आणि तसंच प्रोग्राममध्ये लिहिलं जातं. छेद शून्य झाला की फलन अनंताकडे उडी घेतं आणि मूळ शोधणारी आज्ञा त्या उडीलाच मूळ समजते. मग पाच मोड असताना आठ सापडतात. उपाय सोपा आहे: दोन्ही बाजू तिरक्या गुणून भागाकार काढून टाका. शिवाय मूळ कुठे शोधायचं तेही आधीच माहीत असतं. एलपी११ चा यू २.४०५ ते ३.८३२ च्या मधेच असतो, एलपी२१ चा ३.८३२ ते ५.१३६ च्या मधे, एलपी०२ चा ३.८३२ ते ५.५२० च्या मधे. वरची हद्द व्हीपेक्षा मोठी असेल तर व्हीवरच थांबा. अशी हद्द दिली की सायपायमधली ब्रेंटची पद्धत चुकत नाही. डब्ल्यू मोठा असताना के फलन फारच लहान होतं, तेव्हा त्याचं मापात आणलेलं रूप वापरा.

मूळ मिळाल्यावर चौकोनी जाळी घ्या, प्रत्येक बिंदूचं मध्यापासून अंतर आणि कोन काढा, आत जे आणि बाहेर के भरा, सीमेवर दोन्ही किमती जुळवा, आणि कोनाची मोडच्या पहिल्या आकड्याएवढी पट घेऊन तिच्या कोसाइनने गुणा. साइनने गुणलं तर तीच नक्षी फिरलेली मिळते. जाळी गाभ्याच्या त्रिज्येच्या निदान तिप्पट पसरट ठेवा, नाहीतर क्लॅडिंगमधली शेपटी कापली जाते आणि मोड गाभ्यातच कोंडल्याचा खोटा भास होतो.

अपवर्तनांकाचा आराखडा वेगळा असेल, तर जाळीवर लाप्लास क्रियेची विरळ मॅट्रिक्स मांडून तिचे आयगेनसदिश काढा. लांबीभर बारीक भोकं असलेल्या फायबरसाठी, जिथे फिलिप रसेल आणि त्यांच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नवं दालन उघडलं, तिथे मात्र पूर्ण सदिश गणित करणारी साधनं लागतात. एमपीबी हे मुक्त साधन त्यासाठी चांगलं आहे.

मुळातलं गणित नीट शिकायचं असेल, तर प्रा. रघुनाथ शेवगावकर यांची आयआयटी मुंबईतली प्रकाशीय संदेशवहनावरची व्याख्यानं एनपीटेलवर मोफत आहेत.

चित्रात कोणते रंग वापरावेत?

आधी ठरवा की चित्र कशाचं काढताय. तीन वेगळी चित्रं असतात आणि ती एकमेकांत मिसळली की वाचणारा फसतो.

क्षेत्राचं चित्र असेल तर त्याला धन आणि ऋण अशा दोन बाजू असतात. एलपी११ च्या दोन पाकळ्यांमध्ये क्षेत्र एकमेकांच्या उलट दिशेने असतं, म्हणून एक पाकळी लाल, एक निळी, आणि शून्य पांढरं. तीव्रतेचं चित्र म्हणजे क्षेत्राचा वर्ग. त्यात ऋण काही नसतं, म्हणून काळ्यापासून उजळत जाणारी एकच रंगपट्टी, आणि दोन्ही पाकळ्या एकसारख्या. कॅमेरा आणि डोळा फक्त हेच पाहू शकतात. तिसरं कलेचं चित्र. कला एक फेरी पूर्ण करून स्वतःवर परत येते, म्हणून रंगपट्टीही वर्तुळाकार हवी, जिची सुरुवात आणि शेवट एकाच रंगात होतात.

इंद्रधनुष्यासारखी जुनी रंगपट्टी तीव्रतेसाठी वापरू नका. तिच्यातल्या पिवळ्या पट्ट्यामुळे प्रत्यक्षात नसलेली कडी दिसतात. एलपी०१ मध्ये एका विद्यार्थिनीला 'कडं' सापडलं होतं, ते रंगपट्टीतलं निघालं.

चलत्चित्र करत असाल तर एक गोष्ट खाली लिहाच: १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात क्षेत्र सेकंदाला साधारण १९३ लाख कोटी वेळा धन-ऋण होतं. पडद्यावर दिसणारी हालचाल त्याची संथ केलेली आवृत्ती असते.

बाणांनी दाखवलेल्या चित्रात गोल कडं दिसतं, पाकळ्या दिसत नाहीत. कोणतं खरं?

दोन्ही. एलपी११ हे सोयीचं रूप आहे. खरे सदिश मोड टीई०१, टीएम०१ आणि एचई२१. टीएम०१ मध्ये विद्युतक्षेत्राचे बाण चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यापासून बाहेर जातात, टीई०१ मध्ये ते धावेसारखे गोल फिरतात. दोन्हींत मधोमध बाणांना दिशाच ठरवता येत नाही, म्हणून तिथे काळोख, आणि भोवती कड्यासारखा उजेड.

त्यांना ओळखायची युक्ती फार देखणी आहे. कड्यासमोर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचं विद्युतक्षेत्र पुढे जाऊ देणारी पट्टी, धरा. कडं फुटून दोन पाकळ्या होतात, आणि पोलरायझर फिरवला की पाकळ्याही फिरतात. पाकळ्या पोलरायझरच्या अक्षाच्या दिशेने असतील तर टीएम०१, अक्षाला काटकोनात असतील तर टीई०१. एचई२१ मध्ये पाकळ्या पोलरायझरच्या उलट दिशेने फिरतात. जुन्या कॅलक्युलेटरच्या पडद्यावरून काढलेल्या पोलरायझरच्या तुकड्यानेही हे दिसतं.

या खऱ्या मोडमध्ये फायबरच्या लांबीच्या दिशेनेही थोडं क्षेत्र असतं. दूरसंचाराच्या फायबरमध्ये ते आडव्या क्षेत्राच्या काही टक्केच असल्यामुळे सहसा सोडून देतात.

मोडचा आकार बदलत नाही म्हणता, मग फायबर हलवल्यावर नक्षी का बदलते?

कारण एका वेळी एकच मोड नसतो. प्रत्येक मोडचा वेग किंचित वेगळा असल्याने त्यांच्यातला कलेचा फरक वाटेत सतत बदलतो, आणि त्यांचं व्यतिकरण वेगवेगळी चित्रं काढतं. एलपी०१ आणि एलपी११ एकत्र असतील तर उजेड गाभ्यात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलतो. वरच्या आकड्यांनी, लाल प्रकाशात हा झोका साधारण अर्ध्या मिलिमीटरला एक पूर्ण होतो. एक मीटर फायबरमध्ये असे हजारो झोके. बोटाच्या दाबाने किंवा तापमानाने त्यात अर्ध्या झोक्याचा फरक पडला तरी टोकावरचा उजेड बाजू बदलतो.

लेसर स्वस्तातला असेल आणि फायबर लांब, तर मोडमधला हा ताळमेळच हरवतो. मग क्षेत्रांची बेरीज न होता तीव्रतांची होते आणि भिंतीवर मऊ, धुरकट गोळा दिसतो. अशा वेळी फायबर लहान करा.

१५५० नॅनोमीटरचा मोड मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसेल का?

नाही. सिलिकॉनचा संवेदक साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा असतो. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा कॅमेरा लागतो आणि तो महाग असतो. रिमोटचा अवरक्त दिवा मोबाइलमध्ये दिसतो म्हणून फायबरचाही दिसेल असं समजू नका, रिमोट ९४० नॅनोमीटरच्या आसपास असतो.

मोड फील्ड डायमीटर गाभ्यापेक्षा मोठा कसा?

गाभा ८.२ मायक्रोमीटर, आणि १५५० ला मोड फील्ड डायमीटर १०.४. पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटते. ती चूक नाही, हे क्लॅडिंगमध्ये झिरपलेलं क्षेत्र आहे. व्ही २ असताना साधारण एक चतुर्थांश शक्ती गाभ्याच्या बाहेरून प्रवास करते. तीव्रता मध्याच्या १३.५ टक्क्यांवर येते त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे हा आकडा.

मार्क्युस यांचं एक छोटं सूत्र आहे: मोडची त्रिज्या भागिले गाभ्याची त्रिज्या, बरोबर ०.६५, अधिक १.६१९ भागिले व्हीचा दीड घात, अधिक २.८७९ भागिले व्हीचा सहावा घात. यात व्ही २ घाला, १०.४ मायक्रोमीटर मिळेल. १३१० साठी २.३६ घाला, साधारण ९.१. उत्पादकांच्या माहितीपत्रकात ९.२ असतो. कॅलक्युलेटरवर हा आकडा जुळताना पाहावा.

मल्टिमोड फायबरमध्ये आणि शोभेच्या दिव्यांत का काही दिसत नाही?

गर्दीमुळे. ५० मायक्रोमीटर गाभ्याच्या ग्रेडेड फायबरमध्ये ८५० नॅनोमीटरला तीनशेच्या वर मोड असतात, त्यांचं व्यतिकरण म्हणजे नुसती चमचमती खडी. शोभेच्या दिव्यासारख्या एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक फायबरमध्ये लाल रंगाला ही संख्या पंचवीस लाखांच्या पुढे जाते.

हे सगळ्यात आधी कोणी पाहिलं?

काचेच्या दांड्यातून तरंग जाऊ शकतो हे गणित १९१० मध्ये होंड्रोस आणि डिबाय यांनी केलं होतं. १९५४ मध्ये पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. पण तिथे प्रत्येक तंतू प्रतिमेचा एक ठिपका वाहून नेत होता, मोडचा प्रश्न नव्हता. मोड डोळ्यांसमोर आणले ते अमेरिकेतल्या एलायस स्निट्झर आणि हॅरल्ड ऑस्टरबर्ग यांनी, १९६१ मध्ये, दृश्य प्रकाशात. त्या वर्षीच्या शोधनिबंधात गणिताच्या शेजारी पाकळ्यांची छायाचित्रं आहेत. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी संदेशवहनासाठी फायबर सुचवलं ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९६६ मध्ये. म्हणजे जगाला फायबरचा संदेशवहनातला उपयोग कळण्याआधी मोडचे फोटो निघाले होते.

पिळदार मोड कसा ओळखायचा?

पिळदार मोड म्हणजे ज्याची कला मध्याभोवती गोल जिन्यासारखी फिरत जाते तो. त्याची तीव्रता नुसतं कडं दाखवते, पिळ कलेत असतो. म्हणून त्यावर साधा गोल शलाका टाकून व्यतिकरण करा. नागमोडी सर्पिल दिसलं तर पिळदार मोड, आणि सर्पिलाचे जितके फाटे तितके पिळ. शलाका थोडा तिरका टाकला तर पट्ट्यांमध्ये काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा फाटा दिसतो. अशा मोडवर वेगवेगळे संदेश बसवून २०१३ मध्ये १.१ किलोमीटर खास फायबरमधून सेकंदाला १.६ टेराबिट पाठवून दाखवले गेले.

मी काढलेल्या फोटोत पाकळ्यांऐवजी पांढरा डाग येतो. काय चुकलं?

कॅमेरा भरून वाहिलाय. मोबाइल अंधारात आपोआप प्रकाश वाढवतो आणि मधला भाग जळून पांढरा होतो. प्रो किंवा मॅन्युअल पर्याय उघडा, आयएसओ सर्वांत कमी करा, शटर वेगवान ठेवा आणि पाकळ्यांमधली काळोखी रेषा काळी दिसेपर्यंत उजेड उतरवत न्या. फोकस कागदाच्या कडेवर बांधून ठेवा. तरीही रेषा धूसर असेल तर कॅमेऱ्याला हात न लावता पॅचकॉर्डचं मधलं वळण थोडं सरकवा आणि पुन्हा टिपा. चारपाच प्रयत्नांत एखाद्या वळणावर दोन पाकळ्या स्वच्छ सुट्या होतात. तिथेच कॉर्ड टेबलाला चिकटपट्टीने चिकटवा, आणि खोलीतला पंखा बंद करा.